सकाळी तोंडाला वास, ब्रश केला की गायब, दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर

तक्रार साधारण अशी असते. रात्री ब्रश करूनच झोपतो, तरी सकाळी तोंड चिकट, जिभेवर पांढुरका थर आणि आपला आपल्यालाच जाणवेल इतका वास. दात घासले, काही खाल्लं-प्यायलं की तासाभरात सगळं ठीक. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग टूथपेस्ट बदलली जाते, आणखी झणझणीत माउथवॉश येतो, कुणीतरी पोटाचं औषध सुचवतं. चार दिवस बरं वाटतं आणि पाचव्या दिवशी वास जिथल्या तिथे.

या फेऱ्यात मी जवळजवळ दोन वर्षं होतो. माझी चूक बहुतेकांची असते म्हणून आधी तीच सांगतो. मी सगळा जोर सकाळवर लावला होता. उठल्याउठल्या दोनदा ब्रश, मग माउथवॉश, मग च्युइंगगम. पण हा वास तयार होतो रात्री. सकाळी आपण फक्त झालेलं धुऊन काढतो. रात्रीत काहीच बदललं नाही तर उद्याची सकाळ वेगळी कशी असणार? म्हणून खाली जे लिहिलं आहे ते जवळपास सगळं झोपण्यापूर्वीच्या अर्ध्या तासाबद्दल आणि झोपेतल्या सात-आठ तासांबद्दल आहे.

झोपेत नेमकं काय बिघडतं

दिवसभरात तोंडात साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. ती नुसता ओलावा नाही. ती सतत तोंड धुते, अन्नाचे कण आणि गळून पडलेल्या पेशी गिळण्याबरोबर खाली नेते आणि जंतूंना आवर घालते. झोप लागली की हा नळ जवळपास बंद होतो. गिळणं कमी, बोलणं-चावणं शून्य, म्हणजे जिभेची हालचालही थांबते. तोंडाचं साचलेलं डबकं होतं.

या डबक्यात ऑक्सिजन न आवडणाऱ्या जंतूंची चंगळ असते. ते राहतात जिभेच्या मागच्या भागावरच्या थरात, दातांच्या फटींत आणि हिरड्यांच्या कडेखाली. त्यांचं खाणं म्हणजे प्रथिनं: अन्नाचे कण, मेलेल्या पेशी, नाकातून घशात उतरणारा शेंबूड, हिरडीतून झिरपणारं थोडं रक्त. प्रथिनांतल्या सिस्टीन आणि मिथिओनीन या गंधकयुक्त घटकांची मोडतोड झाली की हायड्रोजन सल्फाइड आणि मिथाइल मरकॅप्टन हे वायू सुटतात. पहिल्याचा वास सडक्या अंड्याचा, दुसऱ्याचा सडक्या कोबीचा. सकाळचा वास म्हणजे मुख्यतः या दोघांचं मिश्रण.

वायूच असल्यामुळे तोंड हलायला लागलं, लाळ सुटली की ते पटकन विरतात. त्यामुळे थोडाफार सकाळचा वास प्रत्येकाला येतो, निरोगी तोंडालाही. तो शून्यावर आणायचा हट्ट धरू नका. दुरुस्त करायची गोष्ट दुसरी आहे: वास नको तितका उग्र असणं, किंवा ब्रशनंतर दोन तासांत परत येणं.

आधी तपासा, मग उपाय

स्वतःच्या वासाला आपलं नाक सरावलेलं असतं. तोंडासमोर ओंजळ धरून फुंकायची आणि हुंगायची, ही सगळ्यांची आवडती चाचणी फारशी कामाची नाही. त्यापेक्षा हे करून पाहा, सकाळी पाणीसुद्धा पिण्याआधी.

मनगट चाटा, दहा सेकंद वाळू द्या, हुंगा. हा जिभेच्या पुढच्या भागाचा वास. मग चमचा उलटा धरून जीभ जमेल तितक्या मागून खरवडा आणि तो हुंगा. बहुतेकांना दोन्हींतला फरक ऐकून नाही, हुंगूनच पटतो. तिसरं, मागच्या दाढांमधून फ्लॉस (दातांच्या फटी साफ करायचा बारीक दोरा) फिरवा आणि तोही हुंगा, प्रत्येक फटीचा वेगळा. हे किळसवाणं आहे, मान्य. पण पाच मिनिटांत उगम कळतो.

चौथी चाचणी दुसऱ्या माणसाकडून. घरातलं असं कुणी, जे तोंडावर खरं सांगेल. आधी तोंड मिटून फक्त नाकाने श्वास सोडा, मग नाक दाबून तोंडाने. वास फक्त तोंडातून येत असेल तर कारण तोंडातच आहे. फक्त नाकातून येत असेल तर नाक किंवा सायनस. दोन्हीकडून सारखाच येत असेल तर वास रक्तातून फुप्फुसांत येत असण्याची शक्यता धरा. आदल्या रात्री खाल्लेल्या लसणाचं असंच होतं. लसणातला एक गंधकयुक्त पदार्थ रक्तात शोषला जातो आणि तासन्‌तास श्वासातून बाहेर पडत राहतो. त्या वासासमोर ब्रश, फ्लॉस, माउथवॉश सगळे हतबल असतात. तो ओसरायची वाट पाहायची, एवढंच.

वास तोंडातूनच असेल, आणि बहुतेक वेळा तो तिथूनच असतो, तर पुढे वाचा.

चमच्याला वास आला तर: जीभ

सर्वांत जास्त लोकांचं उत्तर इथेच मिळतं, आणि जवळपास सगळे ते अर्धवट करतात. टंग क्लीनर वापरतो म्हणणाऱ्या माणसाला करून दाखवायला सांगा. तो जिभेचा पुढचा निम्मा भाग घासतो. तो भाग टाळूवर घासून, बोलून, खाऊन तसाही स्वच्छ राहतो. थर असतो मागच्या तिसऱ्या हिश्श्यात, जिथे टंग क्लीनर गेला की उमासा येतो आणि आपण तिथेच थांबतो.

उमासा टाळायला तीन गोष्टी माझ्या कामी आल्या. जीभ पूर्ण बाहेर काढून टोक स्वच्छ रुमालाने धरायचं. खरवडताना श्वास सोडत राहायचा. श्वास आत घेताना किंवा रोखून धरताना उमासा लवकर येतो. आणि पहिल्याच दिवशी मुळापर्यंत जायचं नाही. आज जिथे सहन होतं त्याच्या जरा मागे उद्या. आठवड्याभरात घसा सरावतो. जेवणानंतर लगेच प्रयोग करू नका, एवढं सांगायची गरज नसावी.

जोर लावायचा नाही. मागून पुढे तीन-चार हलके फेरे, प्रत्येक फेऱ्यानंतर टंग क्लीनर धुवायचा. रक्त दिसलं किंवा जीभ दिवसभर चुरचुरली तर तुम्ही थर नाही, जीभच काढताय. जिभेवर बारीक उंचवटे असतात, त्यामुळे ती गुळगुळीत गुलाबी कधीच होत नाही, व्हायलाही नको. ब्रशच्या मागच्या खरखरीत रबराने काम भागतं का? थोडंफार. ब्रश थर इकडून तिकडे पसरवतो, कड असलेलं साधन तो ओढून बाहेर काढतं.

आता वेळ. जीभ साफ केल्याचा परिणाम काही तासच टिकतो. तरीही आपण ती सकाळी घासतो, म्हणजे जंतूंची रात्रपाळी संपल्यावर. फक्त ही एक गोष्ट झोपण्यापूर्वी हलवा आणि चार दिवसांनी चमच्याची चाचणी पुन्हा करा. सकाळीही घासायची असेल तर घासा, पण रात्रीची चुकवू नका.

क्रमही महत्त्वाचा आहे. आधी फ्लॉस, मग जीभ, मग चूळ भरून सगळं थुंकून टाकायचं, आणि शेवटी ब्रश, दोन मिनिटं. ब्रशनंतर फेस थुंकायचा, पण पाण्याने खळखळून चूळ भरायची नाही, म्हणजे पेस्टमधलं फ्लोराइड रात्रभर दातांवर राहतं. त्यानंतर पाण्याशिवाय काहीही नाही. एक घोट दूधसुद्धा नाही, कारण तेही जंतूंना प्रथिनांची मेजवानीच.

फ्लॉसला वास आला तर: फटी आणि हिरड्या

ब्रश दातांच्या फटींत पोचत नाही. तिथे अडकलेलं अन्न तोंडाच्या उबेत आठ तास कुजतं. रोज रात्री फ्लॉस, किंवा फटी मोठ्या असतील तर बारीक इंटरडेंटल ब्रश, हा सरळ उपाय. सुरुवातीला हिरड्यांतून रक्त येईल. म्हणून लोक सोडून देतात, आणि नेमकं उलटं करायला हवं: रक्त येतं कारण तिथे सूज आहे, आणि रोज साफ केलं तर ते आठ-दहा दिवसांत बहुतेक थांबतं. नाही थांबलं तर हिरड्यांचा आजार असू शकतो. दातांवरचं कडक किटण ब्रशने निघत नाही, ते दंतवैद्याकडेच काढून घ्यावं लागतं.

सगळ्या फटींना थोडा वास येणं वेगळं आणि एकाच फटीला रोज भयंकर वास येणं वेगळं. एकच जागा असेल तर तिथे काहीतरी आहे: कीड, सैल झालेली कॅप, उघडी पडलेली भरणी, किंवा अर्धवट आलेल्या अक्कलदाढेवरचा हिरडीचा पडदा, ज्याच्या खाली अन्न साचतं. घरी कितीही घासलं तरी हे बरं होणार नाही. जाताना डॉक्टरांना नुसतं 'वास येतो' सांगू नका, 'उजवीकडे वर, शेवटच्या दोन दाढांच्या मध्ये येतो' असं सांगा. शोधाशोध वाचते.

कवळी असेल तर रात्री काढून, घासून, पाण्यात ठेवायची. ती तोंडात ठेवून झोपणाऱ्यांची सकाळ सुधारायचा दुसरा रस्ता मला माहीत नाही.

सगळं स्वच्छ, तरी वास: कोरडं तोंड

माझं गाडं इथे अडलं होतं. जीभ रात्री साफ, फ्लॉस रोज, हिरड्या ठीक, दंतवैद्यांनी दोनदा तपासून काही नाही म्हणून सांगितलेलं. तरी सकाळी टाळूला जीभ चिकटायची. मी ती खूण सोडून बाकी सगळं शोधत होतो. मग घरातून माहिती मिळाली, की मी रात्रभर तोंड उघडं टाकून झोपतो. हे त्यांना कित्येक वर्षांपासून ठाऊक होतं. मी विचारलं नव्हतं.

झोपेत लाळ आधीच कमी. त्यात तोंडाने श्वास सुरू झाला की उरलेली पण वाळते, आणि जिभेवरचा थर जाड होतो. खुणा ओळखायला सोप्या आहेत: उठल्यावर ओठ कोरडे, घसा खरखरीत, रात्री पाण्यासाठी जाग, घोरणं. उशीवर लाळेचा डाग असेल तर 'मला तर भरपूर लाळ सुटते' असं समजू नका. ती उघड्या तोंडातून बाहेर गेली, कामाच्या जागी राहिली नाही.

तोंड उघडं राहतं कारण बहुधा नाक चोंदलेलं असतं. म्हणजे दुरुस्ती नाकात. झोपण्यापूर्वी मिठाच्या कोमट पाण्याने नाक धुणं अनेकांना पुरतं. पाणी मात्र उकळून गार केलेलंच हवं, नळाचं थेट नको, कारण त्यातून नाकावाटे जंतुसंसर्गाचा धोका असतो. नाक मोकळं करणारे फवारे तीन-चार दिवसांपेक्षा जास्त सलग मारू नका. पुढे तेच फवारे नाक चोंदवायला लागतात आणि तुम्ही त्यांचे गुलाम होता. वर्षभर चोंदत असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. ॲलर्जी निघेल किंवा नाकाचं हाड वाकडं निघेल. माझी ॲलर्जी निघाली. तिचे उपचार सुरू झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात सकाळचं तोंड बदललं, आणि तोवर मी टूथपेस्टच्या सहा जाती संपवल्या होत्या.

पाठीवर झोपल्याने तोंड जास्त उघडतं, कुशीवर कमी. पंख्याचा किंवा एसीचा झोत थेट चेहऱ्यावर नको. ओठांवर चिकटपट्टी लावून झोपायची टूम सध्या चालू आहे, तिच्यापासून लांब राहा. नाक बंद असताना तोंडही बंद करणं धोक्याचं आहे, आणि झोपेत श्वास अडकण्याचा आजार असलेल्यांना तर जास्तच. घोरता घोरता श्वास थांबतो, मग धापेसारखा आवाज येतो, आणि दिवसा झोप आवरत नाही, असं कुणी सांगत असेल तर वासाचा विषय बाजूला ठेवा आणि झोपेची तपासणी करून घ्या.

कोरडेपणाचं दुसरं मोठं कारण गोळ्यांच्या डबीत असतं. ॲलर्जीच्या काही गोळ्या, नैराश्यावरची बरीच औषधं, लघवी वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या, वारंवार लघवी लागण्यावरची औषधं, ही सगळी लाळ कमी करू शकतात. वास नवीन गोळी सुरू झाल्यानंतर वाढला का, तारखा जुळवून पाहा. जुळल्या तर गोळी स्वतःहून बंद करू नका. डॉक्टरांना विचारा, पर्याय किंवा वेळ बदलता येते का. (गंमत बघा: ॲलर्जीने नाक चोंदतं म्हणून घेतलेली गोळी तोंड कोरडं करू शकते. म्हणून माझ्या डॉक्टरांनी गोळीऐवजी नाकातला स्टेरॉइडचा फवारा दिला. तो वर सांगितलेल्या फवाऱ्यांपेक्षा वेगळा प्रकार.)

रात्रीची दारू आणि तंबाखू यांच्याबद्दल लांबण लावत नाही. दोन्हींनी तोंड कोरडं पडतं, तंबाखूने हिरड्याही जातात.

माउथवॉशचं काय

लिस्टरिन हा प्रसिद्ध माउथवॉश १८७९ मध्ये शस्त्रक्रियेसाठीचं जंतुनाशक म्हणून बनवला गेला. तोंडाचा वास हा त्याचा धंदा झाला तो १९२० च्या दशकातल्या जाहिरातींमुळे. तोंडाच्या वासासाठी 'हॅलिटोसिस' हा डॉक्टरी थाटाचा शब्द घरोघरी पोचला तोही त्याच जाहिरातींतून. माउथवॉश निरुपयोगी आहे असं मला म्हणायचं नाही. पण थर जागेवर ठेवून वरून माउथवॉश ओतणं म्हणजे न झाडता फरशी पुसणं.

घ्यायचाच तर बाटलीमागचं वाचा. अल्कोहोल असलेला टाळा, निदान कोरड्या तोंडाच्या माणसांनी तरी. जस्ताचे क्षार असलेला चांगला, कारण जस्त त्या गंधकाच्या वायूंनाच बांधून ठेवतं. क्लोरहेक्सिडीन हे जंतुनाशक असलेला माउथवॉश जबरदस्त काम करतो, पण ते औषध आहे: सलग वापरलं तर दातांवर तपकिरी डाग पडतात आणि चव बिघडते. दंतवैद्याने सांगितलं तर, आणि सांगितले तितकेच दिवस. ब्रश आणि क्लोरहेक्सिडीन यांच्यात अर्धा तास जाऊ द्या; पेस्टमधल्या फेस आणणाऱ्या पदार्थाने त्याचा जोर कमी होतो.

पोट, आणि इतर संशयित

पोट साफ नाही म्हणून तोंडाला वास, हे आपण इतक्या वेळा ऐकतो की खरं वाटतं. अन्ननलिका एरवी मिटलेली असते. पोटातला वास सतत वर येत बसत नाही. ढेकरेबरोबर येतो, आंबट पाणी घशाशी येत असेल तर येतो. रात्री छातीत जळजळत असेल तर ॲसिडिटीचा उपचार जरूर करा. नसेल तर पोटाला निर्दोष सोडा.

टॉन्सिलच्या खळग्यांत पिवळसर-पांढरे, तांदळाच्या कणीएवढे खडे साचतात. खोकताना एखादा बाहेर येतो आणि बोटांत चुरडला तर वासाने माणूस हादरतो. मिठाच्या पाण्याच्या जोरदार गुळण्या करा. पिनेने किंवा काडीने कोरू नका, तिथे रक्तस्राव पटकन होतो.

उपवासाच्या किंवा अगदी कमी पिठूळ खाण्याच्या दिवसांत येणारा गोडसर, नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा वास ॲसिटोनचा असतो. शरीर चरबी जाळतंय, ब्रशने जाणार नाही. मात्र तोच वास, सोबत खूप तहान, वारंवार लघवी, उलट्या आणि धाप असेल तर तो मधुमेहातला आणीबाणीचा प्रसंग असू शकतो. सकाळची वाट पाहू नका, लगेच रुग्णालय गाठा.

लहान मुलाच्या एकाच नाकपुडीतून घाण वास आणि स्राव येत असेल तर आत मणी किंवा फोमचा तुकडा अडकलेला असू शकतो. घरी चिमटा घालू नका. आणि मोठ्यांच्या तोंडातला कोणताही व्रण दोन आठवड्यांत भरला नाही तर तो दाखवायचाच, वास असो-नसो.

एका वेळी एकच बदल

सगळं एकदम सुरू केलंत तर कशाने गुण आला ते कळणार नाही, आणि मग सगळंच आयुष्यभर करत बसाल किंवा कंटाळून सगळंच सोडाल. पहिला आठवडा फक्त रात्रीची जीभ. रोज सकाळी चमचा हुंगून शून्य ते पाचमध्ये आकडा लिहायचा. आकडा उतरला तर थांबा, तुमचं काम झालं. नाही उतरला तर दुसऱ्या आठवड्यात फ्लॉस जोडा. तिसऱ्यात नाक आणि झोपायची पद्धत. आकडा शक्यतो दुसऱ्याने द्यावा. माझ्या वहीत माझे आणि घरच्यांचे आकडे शेजारी शेजारी आहेत आणि ते क्वचितच जुळतात. मी सारखा चार देत होतो, तेव्हा समोरून दोन येत होता.

काहींच्या बाबतीत हा फरक फार मोठा असतो. घरचे शून्य सांगतात, दंतवैद्य शून्य सांगतात, आणि माणूस मात्र लिफ्टमध्ये तोंडावर हात धरून उभा राहतो, शेजारच्याने नाकाला हात लावला तरी तो आपल्यामुळेच असं धरून चालतो. हा त्रास खरा असतो, फक्त तो तोंडात नसतो. अशा वेळी दिवसातून सहा वेळा जीभ खरवडणं थांबवा, नाहीतर तिला खरोखर जखमा होतील, आणि एकदा समुपदेशकाशी किंवा मानसोपचारतज्ज्ञांशी बोला. ही ओळखीची तक्रार आहे. ते तुम्हाला हसणार नाहीत.